नव्या खुब्याची अमिरात

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की आम्ही त्यांना काय काय दाखवतो, ते वाचकांना वेगळं सांगायला नको. बुर्ज खलिफा, डेऱ्याचा सोनेबाजार, खाडीतली अब्रा, वाळवंटातली सफारी आणि निघताना खजुराचे डबे. पाहुणे खूश, आपणही मोकळे! पण गेल्या काही वर्षांत आमच्या घरात अमिरातीचा एक निराळाच नकाशा तयार झाला आहे. कुठल्या मॉलमधले बाक बसायला पुरेसे उंच आहेत, कुठल्या इमारतीच्या स्विमिंग पूलला शिडीच्या जागी पायऱ्या आहेत, कुठल्या बागेतली वाट रबराची आणि कुठली फरशीची, अशा त्यात नोंदी आहेत. पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत यातलं काही सापडायचं नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. आमच्यातल्या एकाला लहानपणापासून क्रिकेटचं वेड. दुसरीला त्या वेडाचे कपडे धुण्याचा वीस वर्षांचा अनुभव. यातला जो खेळाडू, त्याचा उजवा खुबा २०२२ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बदलावा लागला. २०२१ मध्ये कोविडने त्याला गाठलं, फुप्फुसं भरली आणि स्टेरॉइड्स द्यावी लागली. त्या औषधांनी त्याला वाचवलं, त्याबद्दल आमची काहीही तक्रार नाही. पण काही महिन्यांनी जांघेत दुखायला लागलं. आधी वाटलं स्नायू दुखावला असेल. मग गाडीतून उतरताना पाय हाताने उचलून बाहेर ठेवायची वेळ आली. एमआरआय केल्यावर कळलं की मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटला आहे आणि हाड आतून मरत चाललं आहे. डॉक्टरमंडळी याला ‘एव्हीएन’ म्हणतात. त्याच वर्षी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी कोविडनंतर हा आजार झालेल्या तीन रुग्णांची हकीकत वैद्यकीय नियतकालिकात छापली होती. तिघेही चाळिशीच्या आतले. ते वाचून आमच्या दुखण्यात फरक पडला नाही. पण आपण एकटे नाही, एवढं समजलं.

खुबे-गुडघे म्हटले की आपल्याकडे आजी-आजोबा डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात अपघात, संधिवाताचे काही प्रकार, मणका आणि खुबे आखडवणारा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, विदर्भात आणि नंदुरबारकडे आढळणारा सिकलसेल, जन्मतःच उथळ असलेली खुब्याची वाटी, अशा कितीतरी कारणांनी तरुणांवर ही पाळी येते. आम्ही मुंबईला जाऊन शस्त्रक्रिया करून घेतली. भेटायला येणारा प्रत्येक जण “अरे, एवढ्या लवकर?” असं विचारायचा, जणू काही आम्ही घाई केली!

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून चार पावलं टाकली आणि आमच्या खेळाडूने सर्जनना पहिला प्रश्न विचारला, “डॉक्टर, कीपिंग कधी सुरू करू?” (हा गडी शारजातल्या टेनिस बॉलच्या संघाचा यष्टिरक्षक. पगार, बढती, मुलाची शाळा, हे सगळं नंतर.) डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, “उकिडवं बसणं विसरा. बाकीचं सहा महिन्यांनी बोलू.” मग खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी टायरचं उदाहरण दिलं. टायर किती वर्षांपूर्वी घेतला याला महत्त्व कमी. किती किलोमीटर पळवला आणि कसल्या रस्त्यावर, हे बघायचं. सांध्याचंही तसंच. तो वर्षांनी कमी झिजतो, वापराने जास्त. (इथे अमिरातीत पाच वर्षांवरचा टायर चालत नाही, हे आम्ही त्यांना सांगितलं नाही. उदाहरण बिघडलं असतं.)

या झिजण्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. इंग्लंडात लँकेशायरमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली या सर्जनने आजच्या पद्धतीचा खुबा बसवला तो १९६२ साली. त्याआधी त्याने वाटीसाठी टेफ्लॉन वापरून पाहिलं होतं. होय, आपल्या न चिकटणाऱ्या तव्यावरचं टेफ्लॉन! ते बघता बघता झिजलं, बसवलेले सांधे पुन्हा काढावे लागले. मग त्याने पॉलिथिनचा एक दणकट प्रकार वापरला आणि तो टिकला. तरीही प्लास्टिकचा बारीक चुरा पडतच राहतो. तो चुरा शरीराला खपत नाही. त्याला हटवायच्या नादात आजूबाजूचं हाड खाल्लं जातं आणि सांधा सैल होतो. म्हणजे दुसरी शस्त्रक्रिया, आणि ती पहिलीपेक्षा अवघड. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आलेलं नवं पॉलिथिन बरंच कमी झिजतं. आमच्या घरातल्या खुब्यात तेच आहे, वर सिरॅमिकचा गोळा.

आता हिशेब बघा. ‘लॅन्सेट’मध्ये २०१९ साली आलेल्या अभ्यासानुसार बदललेल्या खुब्यांपैकी ५८ टक्के पंचवीस वर्षं टिकतात. त्यात जुन्या प्लास्टिकचे सांधेही आले, म्हणजे आमचा आकडा थोडा बरा असेल अशी आशा. पण छत्तीस आणि पंचवीस किती? एकसष्ट. सत्तरीत सांधा बदलणाऱ्याला दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागण्याची शक्यता थोडी, पाच टक्क्यांच्या आसपास. आणि पन्नाशीच्या सुरुवातीला गुडघा बदललेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते, असं २०१७ चा दुसरा एक अभ्यास सांगतो. छत्तिशीतल्या माणसाने काय समजायचं ते समजावं. तेव्हा आमच्या घरातला वाद “खेळायचं की नाही” असा कधीच नव्हता. हा सांधा कशावर खर्च करायचा, यावर तो होता.

परतीचं विमान तीनच तासांचं, तरी पायात दाबमोजे, मधल्या वाटेत येरझारा. मुंबईच्या सुरक्षा तपासणीत यंत्र किंचाळलं. तेव्हापासून प्रत्येक विमानतळावर ते किंचाळतं आणि आमच्यातली दुसरी नेहमीच्या सवयीने “खुबा, खुबा!” असं मराठीत सांगते.

आल्या आल्या उन्हाळा. अमिरातीच्या उन्हाळ्यात धड माणूस बाहेर चालत नाही, तिथे कुबडीवाला काय चालणार? पण इथल्या इमारतींत एक चैन आहे, जी डोंबिवलीत आमच्या नशिबी नव्हती: गच्चीवरचा पूल. छातीभर पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच येतो. तेव्हा रोज संध्याकाळी आमचा खेळाडू पाण्यात चालायचा. पुढे, मागे, बाजूला, खेकड्यासारखा. जुलैत ते पाणी चहाइतकं गरम असायचं. शेजारची लहान मुलं आधी हसली, मग त्याच्या मागे रांग करून तीही खेकड्यासारखी चालू लागली. तीन महिन्यांनी पोहायला परवानगी मिळाली. मात्र ब्रेस्टस्ट्रोकमध्ये पाय बेडकासारखे फाकतात, तो प्रकार बरेच दिवस वर्ज्य होता.

दुसरी सोय मॉलची. मॉलला आपण मराठी माणसं नावं ठेवतो, पण गुळगुळीत सपाट जमीन, गार हवा, दर शंभर पावलांवर बाक आणि स्वच्छतागृह, हे सगळं फुकट दुसरीकडे कुठे मिळणार? २०२५ च्या ऑगस्टात दुबईने ‘मॅलेथॉन’ म्हणून सकाळी सात ते दहा मॉल चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवले, तेव्हा आम्हांला वाटलं, चला, आपलं जुनं गुपित सरकारमान्य झालं! जिना चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुखरा आधी, हा फिजिओथेरपिस्टचा मंत्र आम्ही मॉलच्या जिन्यावरच घोकला. थंडी सुरू झाल्यावर सफा पार्कची रबरी वाट, मग शारजात खालिद लगूनच्या काठाने फेऱ्या. समुद्रकिनाऱ्याचं मात्र आम्ही कौतुक करणार नाही. मऊ वाळूत पाऊल वाकडंतिकडं पडतं. पडणं हा या माणसांचा खरा शत्रू. सांधा निखळतो किंवा त्याच्या आसपासचं हाड मोडतं.

याच सुमाराला चिरंजीवांनी स्की दुबईचा हट्ट धरला. बाहेर चाळीसच्या वर तापमान आणि आत बर्फ, हा चमत्कार २००५ पासून इथे आहे. बाबा पण येणार म्हणून तो अडून बसला. यावर सर्जनचं उत्तर आम्हांला फार पटलं. आधीपासून उत्तम स्कीइंग येणाऱ्याला ते विचार करून परवानगी देतात. नव्याने शिकणाऱ्याला देत नाहीत, कारण शिकणारा पडतोच. नव्या सांध्यावर जुना खेळ एक वेळ चालेल, नवा धाडसी खेळ नको. बाबा काचेबाहेर कॉफी पीत बसले.

आता गारहूदकडे वळू. विमानतळाजवळचं ते टेनिस स्टेडियम आपल्यापैकी अनेकांनी आतून पाहिलेलं नसेल, कारण आपला समाज क्रिकेटचा. आम्हीही फेब्रुवारी २०२४ मध्ये गेलो ते एका माणसाचा खुबा बघायला. अँडी मरे! २०१७ मध्ये याच दुबईत त्याने कोलश्रायबरविरुद्ध सात मॅच पॉइंट वाचवले होते. दुसऱ्या सेटचा टायब्रेक २०-१८ असा लांबला होता. ती स्पर्धाही त्यानेच जिंकली. त्याच वर्षीच्या मध्यावर त्याचा उजवा खुबा पार बिघडला. जानेवारी २०१९ मध्ये मेलबर्नच्या पत्रकार परिषदेत तो रडला, आणि महिनाअखेरीला लंडनमध्ये त्याच्या खुब्यावर धातू बसला. वय एकतीस. त्याच्या आधी अमेरिकेच्या बॉब ब्रायनने अशीच शस्त्रक्रिया करून घेऊन दुहेरीत पुनरागमन केलं होतं आणि त्यानेच मरेला धीर दिला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मरेने अँटवर्पची एकेरीची स्पर्धा जिंकली. अंतिम फेरीत समोर वावरिंका होता. कृत्रिम खुब्यावर एकेरीत असं कुणी करेल, ही कल्पनाच त्याआधी कुणी केली नव्हती.

आमच्या घरात मरेचं नाव शस्त्रक्रियेच्या आधीपासून घुमत होतं. “मरे खेळतो, मग मी का नाही?” या प्रश्नाला आमच्यातल्या दुसरीने शेवटी वाचून उत्तर तयार केलं. मरेचा खुबा आणि आमचा खुबा एक नव्हे. त्याच्या मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकलेला नाही. त्यावर धातूची टोपी चढवली आहे, आणि वाटीही धातूची. याला ‘रिसर्फेसिंग’ म्हणतात. मोठ्या हाडांच्या तरुण पुरुषांत ते चांगलं चालतं, स्त्रियांत आणि लहान हाडांत तितकंसं नाही. धातूवर धातू घासणाऱ्या सांध्यांपैकी एक प्रकार तर २०१० साली जगभरातून परत मागवावा लागला. आणि आमच्यासारखं हाड आतून बरंच मेलेलं असेल, तर टोपी चढवणार कशावर?

तरीही गेलो. २६ फेब्रुवारी, पहिली फेरी, समोर कॅनडाचा शापोवालोव, वयाने बारा वर्षांनी लहान. आम्ही बहुतेक वेळ चेंडू बघतच नव्हतो. मरे उजव्या पायावर थांबतो कसा, वळतो कसा, दोन गुणांच्या मध्ये मांडीवर हात ठेवतो का, यावर आमचे डोळे. पहिला सेट गेला. दुसरा टायब्रेकमध्ये घेतला. तिसरा ६-३. हार्ड कोर्टवरचा त्याचा तो पाचशेवा विजय होता. फेडरर, जोकोविच, अगासी आणि नदाल या चौघांनीच तोवर एवढे मिळवले होते. आमच्या खेळाडूच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने दुबईच्या धुळीवर ढकललं.

पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या उंबेरने मरेला ६-२, ६-४ असं सहज हरवलं. ऑगस्टमध्ये पॅरिस ऑलिंपिकात तो शेवटचा खेळला, तेही दुहेरीत. त्या रात्री घरी परतताना गाडीत आमच्यात बरंच बोलणं झालं. मरेचा खेळ हा त्याचा व्यवसाय. त्याने आपला सांधा साडेपाच वर्षांत मनसोक्त वापरला आणि तो त्याचा अधिकार होता. आमचा खेळ आठवड्यातून एकदा, पार्किंगच्या जागेत, हरल्यावर चहा-सामोशांचे पैसे देण्यासाठी. घर चालतं ते नोकरीवर आणि नोकरीवर व्हिसा. दुसरी शस्त्रक्रिया पंचेचाळिशीत आली तर रजा किती मिळणार, विमा किती देणार, हे प्रश्न मरेला पडत नाहीत. आमच्यातली दुसरी हे सगळं बोलली, आणि मग म्हणाली, “पण तू पूर्ण सोडलंस तर घरात राहणं अवघड आहे. दोन वर्षं बघतेय.”

म्हणून शारजाला गेलो. शारजाचं स्टेडियम वाचकांना काय सांगायचं? २२ आणि २४ एप्रिल १९९८ च्या सचिनच्या त्या दोन खेळी कुणी विसरलेलं नाही. दुसरी तर त्याच्या पंचविसाव्या वाढदिवसाची. आमचा संघ मात्र तिथून काही मैलांवर, सिमेंटच्या पट्टीवर खेळतो. पूर्वी शुक्रवारी सकाळी खेळायचे. १ जानेवारी २०२२ पासून आठवड्याची सुट्टी शनिवार-रविवार झाली (शारजात शुक्रवारही सुट्टीच) आणि ‘फ्रायडे क्रिकेट’ नावापुरतं उरलं. आता दुबईकर गड्यांना रविवारच सोयीचा. संघातले निम्मे खेड-दापोलीकडचे. त्यांनी जुन्या यष्टिरक्षकाला खुर्ची दिली, गुणलेखनाची वही दिली आणि वर छत्रीही धरली. तीन रविवार हा सन्मान सोसून चौथ्या रविवारी तो पॅड बांधून उभा राहिला.

इथे एक गंमत सांगितली पाहिजे. जखमी फलंदाजासाठी रनर देण्याची पद्धत आयसीसीने २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बंद केली. आमच्या पार्किंगच्या मैदानापर्यंत तो निर्णय पोचलेला नाही! खेडचा एक तेवीस वर्षांचा पोरगा, दिवसभर फरशा बसवण्याचं काम करणारा, स्वतःहून पुढे आला. “दादा, तुम्ही नुसतं मारा. धावायचं माझ्याकडे लागलं.” दिवसभर उकिडवं बसून काम करणाऱ्या या मुलाचे गुडघे-खुबे वीस वर्षांनी कसे असतील, आणि तेव्हा त्याला कोण रनर देईल, हा विचार आमच्या मनात आला तो अजून गेलेला नाही. त्या दिवशी आमच्या खेळाडूने अकरा धावा केल्या. त्यांतली एकही त्याने पळून काढलेली नव्हती.

यष्टींमागे आता दुसरा मुलगा असतो. आमचा गडी पहिल्या स्लिपमध्ये उभा राहतो, गुडघे किंचित वाकवून, आणि त्या मुलाला अखंड सूचना देतो. त्या मुलाची सहनशक्ती वाखाणण्यासारखी आहे. शनिवारी बॅडमिंटन, पण फक्त दुहेरी आणि लाकडी जमिनीवर. अर्धंच कोर्ट सांभाळायचं, मागे उडी मारून स्मॅश करायचा नाही. धावणं बंद म्हणजे बंद. इथल्या ओळखीत दुसऱ्या एका तरुणाच्या सर्जनने त्याला हळू धावायला परवानगी दिली आहे. सर्जनांत याबाबत एकमत नाही, तेव्हा वाचकांनी आमचा नियम आपला समजू नये. ज्याने सांधा बसवला त्यालाच विचारावं.

धावण्याची जागा घेतली सायकलने, आणि त्यासाठी अल् कुद्रासारखी जागा आम्हांला तरी भारतात सापडली नसती. दुबईपासून आत वाळवंटात मोटारींना मज्जाव असलेला गुळगुळीत डांबरी मार्ग, मधलं मोठं रिंगण पन्नास किलोमीटरचं, जाऊन-येऊन शहाऐंशी. सुरुवातीलाच सायकली भाड्याने मिळतात. खुबेवाल्यांसाठी आमच्या दोन सूचना. एक, मधला दांडा खाली असलेली सायकल घ्या, कारण धोका चालवताना कमी आणि पाय टाकून चढता-उतरताना जास्त. दोन, सीट नेहमीपेक्षा थोडी वर ठेवा, म्हणजे पाय वर येताना खुबा फार दुमडत नाही. पहाटे साडेपाचला निघालं तर थंडीत बोटं गारठतात. कधी वाटेत हरणं आडवी येतात, लांब शिंगांचे ओरिक्स लांबून बघत उभे राहतात. जाताना वारा पाठीशी असला की आपण स्वतःला फार भारी समजतो. परतताना तोच वारा तोंडावर येतो.

पहिल्या हिवाळ्यात आम्ही आठ किलोमीटर जाऊन परतलो होतो. गेल्या हिवाळ्यात रिंगण पूर्ण केलं, सगळे शहाऐंशी. मध्ये दोनदा थांबून थालीपीठ खाल्लं. दर वर्षी वाढदिवसाच्या आठवड्यात खुब्याचा एक्स-रे काढतो आणि मागच्या वर्षीच्या शेजारी लावून बघतो. अजून तरी फरक नाही. नोव्हेंबरात दुबई राइडला शेख झायेद रस्ता सायकलींसाठी मोकळा होतो, तेव्हा बारा किलोमीटरच्या मार्गावर आम्ही तिघं असू. चिरंजीव पुढे, आम्ही दोघं मागे. मंडळातल्या ज्या कुणाच्या घरी नवा खुबा किंवा गुडघा असेल त्यांनी जरूर यावं. थालीपिठं आम्ही जास्तीची आणू.